होल्यांच्या मागावर, बंदुकीशिवाय: नाशिकच्या शिवारात होले शोधायचे, ओळखायचे आणि टिपायचे कसे

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेतल्या होल्यांच्या, म्हणजे कबुतराच्या कुळातल्या 'डव्ह' पक्ष्यांच्या, शिकारीचे व्हिडिओ मोबाइलवर यायला लागतात. कापणी झालेलं सूर्यफुलाचं शेत, उलट्या बादलीवर बसलेला माणूस, शेजारी कुत्रा, आणि डोक्यावरून सुसाट निघालेले होले. ते बघून आपल्याकडच्या एखाद्याच्या मनात हमखास येतं, की आमच्या निफाडला, सिन्नरला तर विजेच्या तारेवर ओळीनं बसलेले असतात, मग इथे का नाही?

इथे नाही, कारण इथे तो गुन्हा आहे. हा विषय आधी संपवू आणि मग पुढे जाऊ.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार होल्याला संरक्षण आहे. पूर्वी छोट्या शिकारीसाठी परवाने मिळत, ती सोय १९९१ च्या दुरुस्तीनंतर संपली. म्हणजे आज 'परवाना काढून मारतो' हा मार्गच उरलेला नाही. कायद्यातली शिकारीची व्याख्याही रुंद आहे. गोळी घालणं ही शिकार आहेच, पण फासा लावणं, जाळ्यात धरणं, विष घालणं, मारण्या-धरण्यासाठी आमिष टाकणं, हाकून आणणं, अंडी फोडणं, घरटं मोडणं हेही त्यातच येतं. नुसता प्रयत्न केला तरी तो धरला जातो. बंदूक नव्हती, एअरगन होती, बेचकी होती, असल्या सबबी इथे चालत नाहीत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'माझ्या शेतात येऊन पेरलेलं खातात' ही तक्रार खरी असू शकते, पेरलेले दाणे होले टिपतातच. पण तेवढ्यानं मारायची मुभा मिळत नाही. हाकलायला बुजगावणं आहे, चमकणारी फीत आहे, जुना पत्र्याचा डबा आहे.

आता मुद्द्याचं. त्या शिकारीत लोकांना जे आवडतं, त्यातलं जवळजवळ सगळं बंदुकीशिवाय नाशिकमध्ये करता येतं. ते कसं, त्यासाठी हा लेख.

तिकडच्या शिकाऱ्याला त्यात एवढं काय सापडतं

तिकडचा होला म्हणजे 'मोर्निंग डव्ह'. उत्तर अमेरिकेत स्थलांतरी पक्ष्यांमध्ये सर्वांत जास्त शिकार याचीच होते. हंगाम लवकरात लवकर १ सप्टेंबरला उघडतो, आणि बऱ्याच राज्यांत तो दिवस सणासारखा असतो. माणशी दिवसाला साधारण १५ पक्ष्यांची मर्यादा, बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं नाहीत, वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंत, आणि मुद्दाम दाणे पसरून ठेवलेल्या शेतावर मनाई. याच्या मुळाशी १९१८ चा स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा आहे.

बदकांच्या शिकारीसारखं गारठ्यात दलदलीत उभं राहावं लागत नाही. हरणासाठी झाडावर तासन् तास गप्प बसावं लागतं, तेही नाही. बादली, बंदूक, पाण्याची बाटली, गप्पा. नवशिक्या पोरांना सोबत नेता येतं. संध्याकाळी शेगडी पेटते आणि मिरचीत भरून, वर मांसाची पट्टी गुंडाळून भाजलेले होले ताटात येतात.

पण खरी गोम नेमबाजीत आहे. होला उडताना सरळ जात नाही. मध्येच खाली बुडतो, कलतो, वेग वाढवतो. ताशी ६० किलोमीटरनं जाणारा पक्षी सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापतो. ३० मीटर लांब पोचायला छऱ्यांना सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो, तेवढ्यात होला दीड मीटरच्या वर पुढे गेलेला असतो. म्हणून नेम पक्ष्यावर धरायचा नाही, पक्ष्याच्या पुढे धरायचा, नळी त्याच्या वेगानं फिरवत राहायची आणि चाप ओढल्यावरही हात थांबवायचा नाही. भलेभले नेमबाज इथे काडतुसांची पेटी रिकामी करून हात हलवत परततात. ही 'पुढे धरून फिरवत राहायची' सवय कॅमेऱ्याच्या वेळी आपल्याला जशीच्या तशी लागणार आहे.

दुसरी गोम म्हणजे शेत वाचणं. दाणा कुठे सांडलाय, पाणी कुठे आहे, होले कुठून कुठे जातात, मध्ये कुठल्या झाडावर टेकतात. हे ज्याला कळतं त्याला बसायची जागा सापडते. बंदुकीचा भाग शेवटच्या काही सेकंदांचा.

त्या शिकारीबद्दल सरसकट नाक मुरडायची गरज नाही. तिथे बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ पासून कायद्यानं वन्यजीवांच्या कामाला जातो, आणि मोर्निंग डव्ह आजही मुबलक आहे. पण त्याच देशात पॅसेंजर पिजन नावाचं कबूतर अब्जांच्या संख्येनं होतं, आणि शिकार आणि जंगलतोड यांनी त्याचा पार निकाल लागला. शेवटची मादी, मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १९१४ मध्ये मेली. तारीख १ सप्टेंबर. आज हंगाम उघडतो तीच.

आणखी एक गंमत. आपल्या शिवारातला, गळ्यामागे काळी रेघ असलेला कंठवाला होला हा मूळचा आपल्याकडचा. विसाव्या शतकात तो युरोपभर पसरला, १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये घरटी करू लागला, पुढे बहामा बेटांवर पिंजऱ्यातून सुटला आणि तिथून फ्लोरिडामार्गे जवळजवळ सगळ्या अमेरिकेत पोचला. तिथे तो उपरा, म्हणून अनेक राज्यांत त्याच्या शिकारीला संख्येची मर्यादाच नाही. आपल्या निफाडच्या तारेवर बसणारा हा गरीब पक्षी तिकडे घुसखोर ठरलाय.

आधी चार होले नीट ओळखा

गावात सगळ्यांना सरसकट होला किंवा कवडा म्हणतात, आणि तेवढ्यानं गावाचं भागतंही. आपलं भागणार नाही. पारवा वेगळा, तो निळसर राखाडी, इमारतींवर गुटर्रगूं करणारा. त्याला बाजूला ठेवा. नाशिक परिसरात रोज दिसू शकतील असे होले चार.

ठिपकेवाला होला सोपा. मानेच्या मागे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा बुद्धिबळाच्या पटासारखा पट्टा आणि पाठीवर फिकट ठिपके. शेपूट लांब, उडताना तिच्या कोपऱ्यांना पांढरं दिसतं. याला झाडी आणि ओलावा आवडतो. गंगापूर रोडकडच्या जुन्या बंगल्यांच्या बागा, सोमेश्वरचा नदीकाठ, विहिरीजवळची आंब्याची झाडं, अशा ठिकाणी हाच.

छोटा होला साधारण २७ सेंटीमीटरचा, सडपातळ. मानेच्या मागे पट्टा नसतो, पुढून गळ्यावर तांबूस रंगात काळी बारीक नक्षी असते. उडाला की पंखावर निळसर राखाडी झाक दिसते. कोरडवाहू माळ, गावठाण, एसटी स्टँडची आवारं, सोसायटीचं पार्किंग, कुठेही. आवाज हळू, एका दमात पाच-सहा 'कु-कु-कुकू-कु', कुणी दाबून हसावं तसा. सिडकोतल्या गॅलरीत घरटं करतो तो बहुतेक वेळा हाच असतो.

कंठवाला होला चौघांत मोठा, ३२ सेंटीमीटरच्या आसपास, फिकट राखाडी, मानेमागे काळी अर्धी कड. आवाज तीन मात्रांचा, मधल्या मात्रेवर जोर: 'कु-कूऽऽ-कु'. दुपारी बाभळीच्या शेंड्यावरून तासभर एकच सूर लागतो. मोकळी शेतं आणि विरळ झाडं ही याची जागा. निफाड, सिन्नर, येवला या बाजूला गाडीतून जाताना तारेवर दिसणाऱ्यांत याचा भरणा असतो.

लाल होला बघायला मिळाला की सकाळ सार्थकी लागली असं मला वाटतं. २३ सेंटीमीटरचा, सगळ्यांत लहान आणि आखूड शेपटीचा. नर विटकरी लाल, डोकं राखाडी, मानेवर काळी कड. मादी मातकट. या चौघांत नर-मादी दुरून वेगळे ओळखू यावेत असा हा एकटाच. मादीला कंठवाला होला समजण्याची चूक फार होते. आकार बघा, शेजारी कंठवाला बसला असेल तर ती त्याच्यापुढे पिल्लासारखी दिसते. आवाज घोगरा, भरभर, एकाच सुरात.

याशिवाय इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या झाडीत पाचू कवडा आहे. पंख हिरवे चकचकीत, चोच लाल. तो जमिनीलगत, झाडांमधून इतक्या वेगानं जातो की पहिल्यांदा फक्त हिरवी रेघ गेल्याचं कळतं. हिवाळ्यात जंगलाच्या कडेला मोठा, पाठीवर तांबूस खवले असल्यासारखा एक होला भेटू शकतो, त्याच्या मानेला बाजूनं काळ्या-निळसर तिरक्या रेघा असतात. आणि हरियल, आपला राज्यपक्षी, याच कुळातला. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. वड, पिंपळ, उंबर फळला की त्याच्याखाली उभं राहून वर बघायचं, पानं हललेली दिसतात, पक्षी दिसत नाही, मग एकदम दहा-बारा भुर्रकन उडतात आणि कळतं की ते सगळे डोळ्यांसमोरच होते.

आठवडाभर घराभोवती एवढंच करा. दिसेल तो होला कोणता, हे मनात सांगायचं, मग दुर्बिणीनं तपासायचं. तारेवर पाठमोरा बसलेला पक्षी नुसत्या आकारावरून ओळखता आला की शिवारात जायला तुम्ही तयार.

दाणा, पाणी, खडी, झाड

होल्याचा दिवस या चार गोष्टींत संपतो. उजाडताना झाडावरून दाण्यावर. नऊ-साडेनऊच्या सुमारास पाण्यावर. त्यानंतर मुरमाच्या रस्त्यावर बारीक खडे टिपायला, कारण दात नाहीत, कडक दाणे पोटात दळायला खडेच लागतात. भर दुपारी सावलीत गप्प. चारनंतर पुन्हा दाणा, पुन्हा पाणी, आणि दिवस मावळायच्या आत झाड. तिकडचा शिकारी याच वेळापत्रकावर बसतो, आपणही यावरच बसायचं.

(या खड्यांची एक वाईट बाजू तिकडे दिसते. शिकारीच्या शेतात पडलेले शिशाचे छरे होले खडा किंवा दाणा समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात. मारलेल्या पक्ष्यांखेरीज हे वेगळे.)

दाणा कुठे असेल हे पिकावरून ठरतं. बाजरीची सोंगणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्यानंतर बाजरीच्या रानात आणि खळ्याच्या जागेवर होल्यांची झुंबड असते, कारण बाजरीचा दाणा त्यांच्या चोचीच्या मापाचा. मार्चमध्ये गहू निघतो. यंत्रानं काढलेल्या गव्हाच्या रानात दाणा जास्त सांडतो, त्यामुळे तिथे गर्दीही जास्त. हरभऱ्याच्या काढणीनंतर होले येतात, पण मी पाहिलंय ते असं की हरभऱ्यापेक्षा त्यातल्या तणाच्या बियांवर त्यांचा जीव असतो. द्राक्षबागेच्या वाटेला जाऊ नका. तिथे होल्याला फारसं काही नसतं, द्राक्षांवर डोळा असतो तो मैना, बुलबुल आणि पोपटांचा. शिवाय ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारण्या सुरू असतात आणि बागेत अनोळखी माणूस कुणालाच नको असतो.

शेत सापडलं की लगेच आत शिरायचं नाही. बांधावरून दहा मिनिटं फक्त आकाश बघा. होले एका ठरलेल्या दिशेनं येतात आणि बहुधा एखाद्या वाळक्या झाडावर, खांबावर किंवा शेडच्या पत्र्यावर आधी टेकतात, खाली बघून खात्री करतात आणि मग उतरतात. ते टेकायचं ठिकाण सापडलं की अर्धं काम झालं.

पाण्याचं गणित नाशिकमध्ये मजेशीर आहे. शेततळी गावोगावी झाली, पण त्यांच्या कडा उभ्या आणि प्लास्टिकच्या. होल्याला पाण्यापर्यंत चालत जायला उतार लागतो, घसरडा कागद चालत नाही. म्हणून भरलेलं शेततळं सोडून तो शेजारच्या ठिबकच्या गळक्या जोडापाशी, जनावरांच्या हाळाजवळच्या चिखलात किंवा पाटाच्या कडेला उतरलेला दिसतो. एप्रिल-मे महिन्यात सिन्नर-येवल्याकडे असं एक ओलं ठिकाण सापडलं, तर दुसरीकडे जायचं कारणच नाही.

आणि तिथे बसलातच तर होला पाणी पितो कसा हे एकदा जवळून बघा. कोंबडी चोच बुडवते, मान वर करते, घोट खाली उतरवते. चिमणीही तेच करते. होला मान वर करत नाही. चोच पाण्यात बुडवतो आणि एका दमात ओढत राहतो. त्या वेळी गळ्याची हालचाल दुर्बिणीतून स्पष्ट दिसते. काही सेकंदांत पोट भरून पाणी घेतो आणि उडतो, कारण पाण्यावर जास्त वेळ थांबणं म्हणजे शिक्रा या शिकारी पक्ष्याला आमंत्रण. पिण्याआधी मात्र काठावर तो बराच वेळ नुसता उभा राहतो, एका डोळ्यानं वर बघत. अंगावर शिक्रा आला तर होला पिसांचा पुंजका सोडून निसटतो. त्याची पिसं सैल असतात, शिकाऱ्याच्या पंजात पिसं राहतात आणि पक्षी पुढे जातो. पाणवठ्याकाठी राखाडी पिसं विखुरलेली दिसली, पण रक्त नसलं, तर असंच काही घडून गेलेलं असू शकतं.

कुठे जायचं

निफाड तालुका माझी पहिली पसंती. चांदोरी, सायखेड्याकडून नांदूरमधमेश्वरला जाणारा रस्ता धरा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचं हे अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. सगळे तिथे बदकं आणि रोहित (फ्लेमिंगो) बघायला जातात, आणि जाताना रस्त्याकडेच्या तारांवरचे शंभर होले न बघता पुढे निघून जातात. तुम्ही उलटं करा. रस्त्यानं सावकाश जा, अभयारण्यात गर्दी व्हायच्या आत आजूबाजूची रानं बघून घ्या. अभयारण्याच्या आत तिथले नियम पाळायचे, ठरलेल्या वाटेवरच राहायचं.

लाल होल्यासाठी कोरड्या बाजूला जावं लागेल. सिन्नरच्या पूर्वेचा भाग, येवला, आणि ममदापूरचं काळविटांसाठी राखलेलं माळरान. विरळ बाभळी, बाजरीची रानं, मुरमाड रस्ते. उन्हं कलताना गाडीच्या पुढे रस्त्यावरून उठणाऱ्या होल्यांत एखादा तरी विटकरी निघतो.

शहराजवळच हवं असेल तर गंगापूर धरणाच्या पाणलोटाचा काठ, पांडवलेण्यांचा पायथा, मखमलाबाद-म्हसरूळकडची उरलेली शेती. बोरगडची झाडी चांगली आहे, पण तिथे होल्यापेक्षा दुसरंच बरंच काही दिसेल आणि लक्ष विचलित होईल. पाचू कवड्यासाठी हरसूल, पेठ, सुरगाणा. तिथे सकाळी जंगलातल्या मातीच्या वाटेवर न बोलता चालायचं, वळणाआधी थांबायचं.

बांधावर बसण्याआधी

शेत कुणाचं तरी असतं. मळ्यात माणूस दिसला तर आधी राम राम, मग काम.

"काय धरायचंय?"

"धरायचं काही नाही काका, होले बघायचेत. बांधावर बसू का तासभर?"

"होले? अहो, ते आमच्या पत्र्यावर बसलेले असतात दिवसभर."

"तेच बघायचेत."

इथे दोन गोष्टी होतात. एक तर माणूस हसतो. दुसरं म्हणजे पाच मिनिटांनी तो स्वतःच सांगतो की विहिरीजवळच्या बोरीत घरटं आहे, किंवा सकाळी सगळे खालच्या रानात असतात. ही माहिती कुठल्याही ॲपवर मिळत नाही. जाताना फोटो दाखवा. पुढच्या वेळी चहा मिळतो. दूरवरून कॅमेरा घेऊन गुपचूप कुणाच्या बांधावर शिरलात तर मात्र तुमच्या हातातली लांब नळी कुणाला काय वाटेल सांगता येत नाही.

कपडे मातीच्या किंवा वाळल्या गवताच्या रंगाचे. पांढरा शर्ट आणि लाल टोपी घरी ठेवा, पक्ष्यांना रंग उत्तम दिसतात. पण कपड्यांपेक्षा हालचाल महत्त्वाची. होला स्थिर माणसाला बराच वेळ सहन करतो, हात झटकन वर गेला की उठतो. सूर्य पाठीशी ठेवून, झुडपाला किंवा कडब्याच्या गंजीला टेकून बसा, म्हणजे तुमची आकृती आकाशावर उठून दिसणार नाही. बुटकं स्टूल असेल तर उत्तम, नाहीतर रिकामी बादली चालते, तिकडचे लोक मूर्ख नाहीत.

सगळ्यात चांगला आडोसा मात्र गाडीचा. तारेवरचे होले पायी माणसाला बघून उडतात, पण थांबलेल्या गाडीची फिकीर करत नाहीत. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, काच खाली, दारावर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवा आणि तिच्यावर लेन्स टेकवा. दार उघडून खाली उतरलात की खेळ संपला.

दुर्बीण आणि कॅमेरा

दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या. आठपट मोठं दिसतं, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची, म्हणून पहाटेच्या कमी उजेडातही चित्र स्वच्छ. दहापट घेण्याचा मोह होतो, पण हाताचा कंपही दहापट दिसतो आणि उडणारा होला चौकटीत सापडत नाही. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर दुर्बिणीवर घाला, कॅमेरा नंतर.

कॅमेऱ्याला ३०० मिलिमीटरची लेन्स ही सुरुवात, ४०० ते ६०० असेल तर बरं. बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा १/५०० पुरतो. उडणाऱ्याला १/२००० च्या खाली जाऊ नका, पंखांची टोकं पुसट होतात. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या पद्धतीवर, मधल्या बिंदूंच्या गटावर.

आता ती शिकाऱ्याची सवय. होला दिसल्यावर कॅमेरा उचलून मग त्याला शोधायला लागलात तर तो सिन्नरला पोचलेला असेल. डोळे पक्ष्यावरून हलवायचे नाहीत, कॅमेरा डोळ्यांसमोर आणायचा. पाय रोवून कमरेतून फिरायचं, नुसत्या हातांनी नाही. पक्ष्याच्या वेगानं फिरायला लागलात की मग बटण दाबायचं, आणि दाबताना फिरणं थांबवायचं नाही. नवशिक्याचे पहिले फोटो एकाच प्रकारचे असतात: रिकामं आकाश आणि डाव्या कोपऱ्यात शेपूट. म्हणजे बटण दाबताना हात थांबला. चौकटीत पक्ष्याच्या पुढे थोडी जागा सोडायची सवय लावा, दोन्ही दुखणी एकदम जातात.

उडणाऱ्याच्या मागे लागण्याआधी टेकणारा होला साधा. तुम्हाला त्याचं झाड माहीत आहे. फांदीवर आधीच फोकस करून बसा. उतरताना तो शेपूट पंख्यासारखी उघडतो, पंख मागे घेतो, आणि त्या क्षणी तो जवळजवळ थांबलेला असतो. शेपटीवरची काळी-पांढरी नक्षी नेमकी तेव्हाच पूर्ण दिसते. नराचा दिखाऊ उडण्याचा खेळ टिपायचा असेल तर तारेवर घुमणाऱ्या कंठवाल्यावर नजर ठेवा. तो टाळ्या वाजवल्यासारखे पंख आपटत सरळ वर चढतो आणि पंख पसरून गोल घिरटी घालत खाली येतो. एकदा केलं की थोड्या वेळानं पुन्हा करतो, म्हणून पहिला चुकला तरी जागा सोडू नका.

दाणे टाकून पक्षी गोळा करणं आणि मोबाइलवर आवाज वाजवून नराला चिडवणं, दोन्ही टाळा. होल्यासारख्या सहज दिसणाऱ्या पक्ष्यासाठी त्याची गरजही पडत नाही.

घरी आल्यावर नोंद करा. ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर तारीख, ठिकाण, वेळ आणि कोणते किती होले, एवढं टाकलं तरी पुरे. बहुतेक लोक दुर्मीळ पक्षी नोंदवतात आणि होले सोडून देतात. वही ठेवत असाल तर शेजारच्या रानात कोणतं पीक होतं, ते लिहा. दोन हंगामांनी तुमच्याकडे तुमच्या भागाचं होल्यांचं पंचांग तयार असेल.

गॅलरीतलं घरटं

बऱ्याच जणांची होल्याशी ओळख इथेच होते. कुंडीत, एसीच्या डब्यामागे, शोभेच्या झाडात. घरटं म्हणण्यासारखं फार काही नसतं, काड्यांची चाळण, खालून अंडी दिसावीत इतकी विरळ. पांढरी दोन अंडी. नर-मादी आळीपाळीनं बसतात, साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि आणखी सुमारे दोन आठवड्यांत उडतात. पिल्लांना सुरुवातीला आईबाप दोघंही गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दाट दुधासारखं खाद्य भरवतात, म्हणून दाणे ठेवायची गरज नाही.

त्या कुंडीला महिनाभर पाणी बेतानं आणि एका बाजूनं घाला, कुंडी हलवू नका. कावळा किंवा मांजर येत असेल तर आडोसा म्हणून जाळी लावा, पण होल्याची येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवून. अंडी दुसरीकडे 'सुरक्षित' ठेवायला जाऊ नका, ती वाचत नाहीत, आणि कायद्यालाही ते चालत नाही.

मांजा लागलेला होला

जानेवारीत हा प्रश्न येतोच, विशेषतः येवल्याकडे, जिथे संक्रांतीचे तीन दिवस आसारी (मांजा गुंडाळायची फिरकी) आणि पतंगाशिवाय गच्चीवर दुसरं काही नसतं. नायलॉन मांज्यावर बंदी आहे, तरी तो झाडांवर लटकलेला सापडतो, आणि होले पहाटे आणि तिन्हीसांजेला नेमके झाडातच ये-जा करतात.

अडकलेला पक्षी ओढून काढू नका. मांजा दोन्ही बाजूंनी कात्रीनं कापा, मांसात रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. पक्ष्यावर जाड सुती कापड टाका, दोन्ही पंख अंगाशी मिटवून उचला आणि भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. खोकं बंद, अंधारं, शांत. चोच उघडून पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं आणि पक्षी तिथेच जातो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं हलक्या हातानं दाबून धरा. हळद, तेल, घरगुती मलम काही नको. मग वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकाकडे न्या. बरा झाल्यावर मुलांना लळा लागला म्हणून पिंजऱ्यात ठेवून घेणं, हाही त्याच १९७२ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून उपचार झाले की तो वन विभागाच्याच ताब्यात द्या.